गाडी उंच केली, आता ही थरथर कशाची?

महोदय,

यावल, रावेर, चोपड्याच्या केळीपट्ट्यात पिकअपला मागे जास्तीचा पाटा (स्प्रिंगची पट्टी) टाकून घेणे ही जुनी रीत आहे. आता तोरणमाळ, धडगावकडे फिरणाऱ्या जीप-थारवाल्यांनी त्यात लिफ्ट किटची भर घातली आहे. गाडी दोन-तीन इंच वर जाते आणि आठ दिवसांत गिऱ्हाईक परत येते, 'साठवर गाडी भलती थरथरस भो.' मग ठरलेली वारी सुरू होते. आधी चाकांचे बॅलन्सिंग, मग प्रोपेलर शाफ्टला (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणारी लांब नळी) नवा क्रॉस, म्हणजे टोकाचा सांधा, मग शाफ्टचे बॅलन्सिंग, शेवटी शाफ्टला मधे धरणारे सेंटर बेअरिंग. पैसे जातात आणि थरथर राहते, कारण प्रोपेलर शाफ्टचे कोन कोणी मोजलेलेच नसतात.

क्रॉस जॉइंट कोनात फिरतो तेव्हा पुढची बाजू एकसारख्या वेगाने फिरली तरी मागची फिरत नाही. एका फेऱ्यात ती दोनदा पुढे पळते आणि दोनदा मागे रेंगाळते. कोन दुप्पट झाला की हा झटका साधारण चौपट होतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे असले आणि दोन्ही योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत असले, तर पुढच्या जॉइंटची गडबड मागचा जॉइंट मिटवतो. कंपनीतून आलेल्या गाडीत हा हिशोब जुळलेला असतो. गाडी उचलली की तो मोडतो.

कसा मोडतो, ते काय लावले त्यावर ठरते. हौसिंगवर (मागच्या धुऱ्याच्या कवचावर) ठोकळा ठेवला किंवा पाटा वाढवला, तर पिनियन (हौसिंगमधला, शाफ्ट ज्याला जोडतो तो दातेरी दांडा) सहसा पूर्वीच्याच दिशेला राहतो. दोन्ही कोन वाढतात, पण सारखेच वाढतात. लांब शॅकलचे (पाट्याचे टोक चासीला टांगणारी पट्टी) तसे नाही. शॅकल पाट्याच्या मागच्या टोकाला असेल, तर ते टोक चासीपासून खाली ढकलले जाते, पाटा तिरपा होतो आणि पिनियनचे नाक वर येते. शिवाय दोन इंच लांब शॅकलने गाडी फक्त एक इंच उचलली जाते. आमच्या मते उंची वाढवायचा सर्वांत वाईट मार्ग हाच, आणि स्वस्त म्हणून सर्वांत लोकप्रियही हाच. नव्या थारला मागे पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंग आहेत. तिथे पिनियनचा कोन हौसिंगला धरणाऱ्या दांड्यांच्या, म्हणजे कंट्रोल आर्मच्या, लांबीने जुळवावा लागतो.

मोजायला मोबाइलमधले कोनमापक किंवा चुंबकाचे डिजिटल कोनमापक पुरते. गाडी सपाट फरशीवर, चारही चाकांवर उभी हवी. जॅकवर हौसिंग लोंबकळत असताना घेतलेले माप फेकून द्या. तीन मापे घ्यायची: गिअरबॉक्स किंवा ट्रान्सफर केसची (४×४ मध्ये ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी) मागची फ्लँज, म्हणजे शाफ्ट जोडायची चकती, शाफ्टची नळी आणि पिनियनची फ्लँज. फ्लँजचा चेहरा अक्षाला काटकोनात असतो, हे हिशोबात धरावे. समजा गिअरबॉक्सचा अक्ष मागे ३ अंश खाली उतरतो, शाफ्ट ९ अंश आणि पिनियनचा अक्ष ६ अंश. म्हणजे पुढच्या जॉइंटचा कोन ६ आणि मागचा ३. हा ३ अंशांचा फरकच थरथर. फरक १ अंशाच्या आत हवा. प्रत्येक कोन ३ अंशांपर्यंत असला तर उत्तम. शाफ्टचे फेरे मिनिटाला ३००० च्या आसपास जात असतील तर ६ च्या पुढे जाऊ नये. कोन शून्यही नको. अर्धा-एक अंश तरी हवाच, नाहीतर क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया एकाच जागी बसून क्रॉसवर खाचा पाडतात.

पिनियन फिरवायला पाटा आणि हौसिंगच्या मध्ये तिरकी पाचर बसवतात. मागच्या हौसिंगवर पाटा वरून बसत असेल तर जाड बाजू मागे ठेवल्यावर नाक वर जाते. पाटा हौसिंगच्या खालून असेल तर जाड बाजू पुढे. वरच्या उदाहरणात नाक खाली न्यायचे आहे, म्हणून उलटे करा. माल वाहणाऱ्या गाडीला पाचर लोखंडीच हवी, अॅल्युमिनियमची चिरडते. पाचरीवर पाचर रचू नका. पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट पाचरीच्या जाडीइतका जास्त लांब घ्या आणि त्याचे डोके हौसिंगच्या भोकात बसल्याची खात्री करा. ५०० किलोमीटरनंतर पाटा हौसिंगला धरणारे यू-बोल्ट पुन्हा आवळा. पाट्याच्या गाडीत उभ्या स्थितीत नाक एक अंश खाली ठेवलेले बरे, कारण ओढ पडली की पाटा पिळतो आणि नाक वर उचलते. पिकअपची मापे रिकामी आणि भरलेली, दोन्ही घ्यावीत. जास्तीचा पाटा टाकलेली गाडी केळी भरल्यावर गुळगुळीत चालते आणि खाली करून परत येताना थरथरते, ती यामुळेच.

पाचर घेण्याआधी एवढे पाहून घ्या. पावसाळ्यात रिमच्या आत चिकटून वाळलेली काळी माती काढा. अर्धी गिऱ्हाइके इथेच मोकळी होतात. शाफ्ट उघडताना खूण केली नव्हती, तर स्प्लाइन (शाफ्टचा सरकता दातेरी जोड) चुकीच्या दातावर बसून योक एका रेषेत नसतील. हौसिंग चासीपासून लांब गेल्याने स्प्लाइन जास्त बाहेर आली असेल तर तिथेही खेळ होतो. अशा वेळी शाफ्ट लांब करून घ्यावा लागतो. दोन तुकड्यांच्या शाफ्टला सेंटर बेअरिंगखाली वॉशर देऊन कोन विभागता येतो, पण मग पुढचा कोनही पुन्हा मोजा.

थरथर कुठली, हे रस्त्यावरच कळते. ज्या वेगाला होते त्या वेगाला क्लच दाबून न्यूट्रल करा. तशीच राहिली तर चाक किंवा शाफ्ट. थांबली तर ओढ पडल्यावर बदलणारा कोन किंवा इंजिनचे माउंटिंग. गाडी जागेवरून सुटताना १० ते ३० च्या वेगात धडधडते आणि अॅक्सिलेटर सोडला की शांत होते, तेव्हा पाटा पिळून पिनियन वर जातोय असे समजा. २१५/७५ आर १५ चे चाक ताशी ६० ला सेकंदाला साडेसात फेरे घेते. डिफरन्शियल ४:१ (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे चार) धरले तर शाफ्ट ३० फेरे घेतो आणि कोनाचा झटका सेकंदाला ६० वेळा बसतो. म्हणून चाकाची थरथर हातात हेलकावते आणि कोनाची सीटखाली बारीक गुणगुणते. ४×४ ला फ्री-व्हील हब (पुढची चाके शाफ्टपासून सोडवणारे) नसतील तर पुढचा शाफ्ट टू-व्हीलमध्येही फिरतो. तो काढून एक चक्कर मारली की संशय मिटतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा (गाडीच्या मूळ बनावटीत बदल करण्याचा) प्रश्न वेगळाच आहे, पण लिफ्ट करणाऱ्याने तोही गिऱ्हाइकाला आधी सांगावा. आमची मागणी साधी आहे. खान्देशात लिफ्ट किट किंवा जास्तीचा पाटा बसवणाऱ्या प्रत्येक गॅरेजने बिलावर काम करण्याआधीचे आणि नंतरचे हे तीन कोन लिहून द्यावेत. मोजायला दहा मिनिटे लागतात.

— वाहन दुरुस्ती कारागीर, यावल (जि. जळगाव)