खुले पत्र : ‘फिटनेस वैध’ असलेल्या गाडीच्या गालिच्याखालचा गाळ

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : जुन्या खासगी मोटारींचा तपासणी-इतिहास खरेदीदाराला पाहता यावा, याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार. मी दापोली तालुक्यात राहतो. २०२२ च्या डिसेंबरात मी एका एजंटामार्फत २०१२ ची मोटार विकत घेतली. मी ती डोळे मिटून घेतलेली नव्हती, हे आधीच नमूद करतो. एम-परिवहन ॲपमध्ये नंबर टाकून नोंदणीची तारीख पाहिली, कर्जाचा बोजा नसल्याची खात्री केली, विमा आणि पीयूसी दोन्ही चालू असल्याचे पाहिले. मालक एकच होता आणि तेही खरेच निघाले. फिटनेसच्या ओळीत २०२७ ची तारीख होती. ती वाचून मला जो दिलासा वाटला, त्याबद्दलच हे पत्र आहे.

पहिल्याच पावसाळ्यात काचा मध्येच अडकू लागल्या आणि एअरबॅगचा दिवा लागला तो विझेना. गावातल्या मेकॅनिकने आधी वायरिंगला हात लावला नाही. त्याने चालकाचा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला. रोज वापरात येणारा पट्टा स्वच्छ होता, पण एरवी गुंडाळीतच राहणाऱ्या शेवटच्या वीतभर भागावर मातकट रेघ होती. मग त्याने सीट काढून गालिचा उचलला. सीटची रेल गंजून लाल झाली होती आणि तळाच्या पत्र्याच्या खाचेत मूठभर गाळ बसला होता, बोटांत चुरगळला की पिठासारखा होणारा. एजंटाला फोन केला, तर तो म्हणाला, “कोकणात पावसाचं पाणी कुणाच्या गाडीत येत नाही, भाऊ?”

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले आणि बाजारपेठेसकट दारादारातल्या गाड्या बुडाल्या, हे आपणास सांगण्याची गरज नाही. माझी गाडी त्यांपैकीच एक होती, असे मी सिद्ध करू शकत नाही, कारण गाळावर तारीख नसते. पण गाडी माझ्या नावावर झाल्यावर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुन्या नोंदी मागवल्या, तेव्हा २०२१ च्या मार्चपर्यंत नियमित सर्व्हिसिंग झालेले दिसले आणि त्यानंतर एकही नोंद नव्हती. हा कागद मला व्यवहाराआधी हवा होता. मात्र मालक नसलेल्या माणसाला तो देत नाहीत, असे तिथे मला तेव्हाच सांगितले गेले होते.

आता त्या २०२७ विषयी. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर गाडी तपासून ती पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत केली जाते. टॅक्सी, टेम्पो, बस अशा परिवहन वाहनांना मात्र आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेसची परीक्षा द्यावी लागते. म्हणजे खासगी मोटारीसमोर दिसणारी फिटनेसची तारीख ही नोंदणीच्या तारखेत पंधरा वर्षे मिळवून आलेली असते. नोंदणीनंतर कुणी निरीक्षक त्या गाडीखाली वाकलेला नसतो. सामान्य खरेदीदार मात्र ‘फिटनेस वैध’ हे शब्द वाचून सरकारने गाडी तपासली आहे असे समजतो, मी तसेच समजलो, आणि विकणारा तो समज दूर करण्याच्या फंदात पडत नाही. दहा-बारा वर्षांच्या गाडीचा तपासणी-इतिहास पाहून घ्या, असा सल्ला आपल्याकडे देणे व्यर्थ आहे, कारण पाहायला इतिहासच नाही.

ब्रिटनमध्ये तीन वर्षांहून जुन्या मोटारीची दरवर्षी तपासणी होते (उत्तर आयर्लंडचा नियम थोडा वेगळा आहे). तिला एमओटी म्हणतात. नुसता नंबर टाकला की त्या गाडीच्या २००५ पासूनच्या तपासण्या कुणालाही विनामूल्य पाहता येतात : कधी पास झाली, कशात नापास झाली, त्या दिवशी मीटरवर किती आकडा होता, आणि पास करतानाही निरीक्षकाने कोणता शेरा मारला. तिथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे तळाला गंज लागल्याचे शेरे वारंवार आढळतात, आणि तोच शेरा दोन-तीन वर्षे वाढत गेलेला दिसला की खरेदीदार काय ते समजतो. आपल्या किनारपट्टीवर मीठ टाकावे लागत नाही. खारी हवा बारा महिने तेच काम करते, आणि दारांखालचा सडलेला पत्रा पुट्टी भरून, वर काळे कोटिंग मारून झाकला की तो हात लावूनही कळत नाही.

दरवर्षी सर्व खासगी मोटारींची तपासणी करा, अशी माझी मागणी नाही. जिल्ह्यातील कार्यालयांवर आधीच किती ताण आहे, हे पासिंगच्या रांगेत उभे राहिलेल्या कुणालाही दिसते. मागणी आहे ती जे पाहिले जाते ते लिहून ठेवण्याची आणि लिहिलेले दाखवण्याची.

गाडी नियमाने एका सरकारमान्य यंत्रासमोर उभी राहते ती पीयूसीच्या वेळी. जुन्या गाड्या सहा महिन्यांनी, बीएस-४ आणि बीएस-६ गाड्या वर्षाने. नंबरप्लेटसह फोटो निघतो आणि नोंद ‘वाहन’ या सरकारी संगणक प्रणालीत जाते. त्याच वेळी मीटरचा आकडा वाचून एका रकान्यात भरायला अर्धे मिनिटही लागणार नाही. गाडी न नेताच पीयूसी मिळवणारे महाभाग आहेत, याची मला कल्पना आहे. पण त्यांनी अंदाजाने टाकलेले आकडेही दोन-चार वर्षांत एकमेकांशी विसंगत होतात, आणि मीटर मागे फिरवलेल्या गाडीचा आकडा ऐंशी हजारांवरून पंचेचाळीस हजारांवर आला, तर ते शाळकरी मुलालाही वाचता येते. पीयूसी केंद्रांना परवाने आपल्याच विभागाकडून मिळतात, त्यामुळे दिल्लीतील नियमदुरुस्तीची वाट न पाहता निदान रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत हा प्रयोग करून पाहता येईल, असे मला वाटते.

पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी सहाशे रुपयांवरून पाच हजार झाले. त्या पैशांत निरीक्षकाने काय पाहिले, हे पुढच्या खरेदीदाराला कळत नाही. त्याला फक्त वाढवून मिळालेली तारीख दिसते. ब्रेक, स्टिअरिंग, तळाचा पत्रा, दिवे यांविषयी प्रत्येकी एक ओळ प्रसिद्ध झाली तरी पुरे. मालकाचे नाव किंवा पत्ता त्यात असण्याचे काहीच कारण नाही.

पुराच्या गाड्यांचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते, मालकाला पैसे मिळतात आणि गाडी भंगाराच्या भावाने पुढे जाते. वाहन कायमचे निकामी झाले, तर मालकाने चौदा दिवसांत कळवावे, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५५ सांगते. पण धुऊन-पुसून, वाळवून पुन्हा चालू केलेली गाडी ‘कायमची निकामी’ नसतेच, आणि मूळ आरसीसह ती घाट चढून किंवा खाडी उतरून भलत्याच तालुक्यात विकली जाते. अशा गाडीच्या नोंदीत ‘पूरग्रस्त, विमा दावा पूर्ण’ एवढे शब्द यावेत, यासाठी राज्याने विमा नियामकाशी बोलावे. विक्रीला बंदी नको. वायरिंग बदलून घ्यायची तयारी असलेला माणूस कमी किमतीत ती जाणूनबुजून घेईल आणि त्यात गैर काही नाही.

जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांनी परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घ्यावे, असा केंद्राचा नियम डिसेंबर २०२२ मध्ये आला आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. त्यानंतर गाडी बदलण्यासाठी मी जिल्ह्यात चार ठिकाणी फिरलो. चारही ठिकाणी अधिकारपत्राची विचारणा केली आणि एकानेही ते दाखवले नाही. एकाने तर मी कुठल्या खात्यातून आलो आहे, असे उलट विचारले.

शेवटी एक विनंती, जिला ना निधी लागतो, ना कायदा. ज्या खासगी गाडीची नोंदणीनंतर एकदाही तपासणी झालेली नाही, तिच्यासमोर ‘फिटनेस वैध’ हे शब्द दिसू नयेत, त्या जागी ‘तपासणी झालेली नाही’ असे लिहावे, याकरिता आपल्या विभागाने केंद्राला एक पत्र पाठवावे. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने इकडे जुन्या गाड्यांचे व्यवहार जोरात असतात. त्यापूर्वी ते पत्र गेले, तर त्याची प्रत जिल्ह्यातील कार्यालयांच्या फलकावर लावावी, ही विनंती.

कळावे,

आपला,
एक वाहनमालक
ता. दापोली, जि. रत्नागिरी