डोंगर फोडून केलेली माती

ठाणे (पश्चिम)

प्रिय सतीश,

स. न. वि. वि.

पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातले फोटो पाहून तू विचारलंस, द्राक्षासाठी एवढे गडगे, म्हणजे रचीव दगडी बांध, कशाला? अरे, गडगे मातीसाठी. तिथे माती जवळजवळ नव्हतीच. उभा चढ आणि खाली शिस्ट, म्हणजे पापुद्र्यांचा खडक. पहारीने तो फोडायचा, मोठे तुकडे गडग्याला, चुरा आत भरायला. झाला जमिनीचा एक टप्पा! मुळं पापुद्र्यांच्या फटींतून खोल उतरतात, म्हणून कोरड्या उन्हाळ्यातही वेल तगते.

गडग्यात चुना नाही. तोंड किंचित डोंगराकडे कललेलं, मागे चिपांचा भरणा, पाणी निथळायला. आपल्याकडच्या पारसिक डोंगराच्या उतारावरच्या संरक्षक भिंतींचंही तेच गणित: पाणी जायची भोकं बुजली की मागे पाणी साचतं आणि जुलैत भिंतीला पोट येतं. जुन्या गडग्यांच्या तोंडातच कोनाडे ठेवून त्यांत वेली लावत, वरची पट्टी धान्याला मोकळी. ही हुशारी मला फार आवडते.

1756 मध्ये राजाचा मंत्री पोंबाल याने प्रदेशाची हद्द आखली, पुढे ग्रॅनाइटचे खांब रोवले. कारण वाइनमधली भेसळ. रंगासाठी एल्डरबेरी नावाची गडद फळं मिसळत, म्हणून ती झुडपंच उपटायचा हुकूम निघाला.

एकोणिसाव्या शतकात आधी भुरी, म्हणजे वेलीवरची पांढरी बुरशी, आली. तिला गंधक पुरलं, आपल्या निफाडकडे वापरतात तेच. मग फिलॉक्सेरा. ही माव्याच्या जातीची कीड मुळांतला रस शोषते, जखमा कुजतात, वेल वाळते. फवारा तिथवर पोचत नाही. टिकाऊ उपाय एकच, ही कीड सोसणाऱ्या अमेरिकन वेलीच्या खुंटावर (मुळांच्या भागावर) कलम. (आपल्याकडे डॉगरिज नावाचा खुंट वापरतात तो मुख्यतः क्षार आणि पाण्याचा ताण सोसण्यासाठी, किडीसाठी नव्हे.) कित्येक बागा पुन्हा लागल्याच नाहीत. अरुंद, झुडपांनी भरलेले टप्पे दिसतात ते तेच. कलमानंतरचे टप्पे रुंद, जास्त ओळींचे.

1970 नंतर बुलडोझर आले. गडगा नाही, नुसता मातीचा बांध. काम स्वस्त, पण बांध वाहून जातो, तण माजतं आणि बांधानेच जागा खाल्ल्यामुळे एकरी वेली कमी बसतात. चढ साधारण 40 टक्क्यांच्या आत असेल तर टप्पेच न करता ओळी सरळ डोंगर चढतात. अलीकडे एकेका ओळीचे अरुंद टप्पे करतात, लेसरने लांबीत सुमारे 3 टक्के उतार देऊन. त्याहून कमी दिला तर पाणी तुंबतं, जास्त दिला तर चर पडतात.

तुझा,
मिलिंद