दादा, त्या वहीसाठी आभार

दादा,

परवा फोनवर गळा दाटून आला, धड बोलताच आलं नाही. म्हणून लिहितेय.

गगनबावड्याकडं पाऊस लागला की रेंज जाते. म्हणून दूध संकलनाची नोंद मोबाईलच्या ब्राउझरमध्येच साठेल असं पान मी बनवलं होतं. एके दुपारी मोबाईल बंद पडला. संध्याकाळी पान पुन्हा उघडलं, तर एका आजींच्या सकाळच्या ६ आणि संध्याकाळच्या ५ लिटरची बेरीज ६५! डेअरीवर आधी हसले सगळे. मग कुजबुज सुरू झाली, पोरगी आकडे फिरवते म्हणून.

ज्या क्लासला आईनं म्हशीच्या पैशातून फी भरली, तिथं विचारायला गेले. "कोर्स संपला, आता आमचा काय संबंध?" दुसऱ्या एका हुशार माणसानं तर "एवढं पण येत नाही व्हय?" म्हणून फोनच ठेवला. दोन्ही वाक्यं अजून टोचतात.

कोल्हापुरात राजारामपुरीत तुमच्यापुढं लॅपटॉप उघडला, तर तो तुम्ही बाजूला सारलात. म्हणालात, "आधी वही दे. कुणाचं बिल चुकलंय का बघू." मी वाचत गेले, तुम्ही पेन्सिलीनं बेरजा मांडत गेलात, दहा दिवसांच्या, सकाळ-संध्याकाळ. चहावर साय धरली. दोघींची बिलं चुकलेली निघाली. "त्यांना आत्ताच फोन लाव," म्हणालात, आणि माझं बोलणं होईपर्यंत गप्प बसून राहिलात.

कोडची चूक त्यानंतर. लोकलस्टोरेज, म्हणजे ब्राउझरमधली साठवणीची जागा, सगळं मजकूर म्हणूनच ठेवतं, म्हणून परत आलेला ६ हा आकडा नव्हताच, नुसतं अक्षर होतं. त्याला ५ चिकटला. लोकलफोरेज ही तयार कोडची लायब्ररी लावल्यावर माल इंडेक्स्डडीबी या ब्राउझरच्याच दुसऱ्या साठ्यात जातो, आकडा आकडाच राहतो, तारीख तारीखच. ठेवायचं सेटआयटेम, काढायचं गेटआयटेम, नावं तीच, फक्त पुढं अवेट, म्हणजे 'काम होईपर्यंत थांब', लावायचं. अर्ध्या तासाचं काम. पण तुम्हाला आधी आजींचं दूध दिसलं, माझं कोड नंतर. शिकलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, दादा, पण दुसऱ्याच्या चार लिटरची काळजी करणारी फार थोडी.

तुमची ती पेन्सिलीची पानं मी वहीत तशीच ठेवलीत. आजींनी लोणी कढवलंय तुमच्यासाठी. बुधवारी तुपाची बरणी घेऊन येते. पैसे घेतले नाहीत, निदान एवढ्याला नको म्हणू नका.

तुमची,
डेअरीवरची पोरगी