बाबांचा अर्धा इंची रॅचेट

कोल्हापूर,
रविवार, सकाळ

चि. बाळास आईचे अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी मी बोलता बोलता फोन ठेवून दिला, ते मला शोभले नाही. तुझ्या उजव्या हाताच्या बोटांवरची पट्टी दिसली, “रॅचेट सटकला, एवढेच” असे तू म्हणालास आणि त्यानंतर मी जे बोलत सुटले त्यातले निम्मे मलाच आता आठवत नाही. तुझे एक वाक्य मात्र आठवते. “आई, तू बावीस वर्षे ही हत्यारे विकलीस, चालवली कधीच नाहीस.” खरे आहे. म्हणूनच बुधवारी तुझा निरोप आला, त्यात सहा रॅचेटची, म्हणजे दातांच्या चाकावर एकाच दिशेने जोर लावून नट-बोल्ट फिरवणाऱ्या पान्यांची, चित्रे, डॉलरमधल्या किमती आणि “टिकेल असा कोणता घेऊ?” हा प्रश्न होता, तेव्हा मला बरे वाटले. फोनवर याचे उत्तर दिले असते तर पुन्हा भांडण झाले असते, म्हणून लिहिते आहे.

विकणाऱ्याला एक गोष्ट वापरणाऱ्यापेक्षा जास्त कळते, ती म्हणजे काय मोडून परत येते. वापरणारा आयुष्यात दोन-तीन रॅचेट मोडतो. मी उद्यमनगरच्या त्या काउंटरवर मोडलेले शेकडो हातात घेतले. गळीत हंगामाच्या तोंडावर उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांची झुंबड उडायची आणि फेब्रुवारीत त्यांच्यातलेच काही जण “वहिनी, माल खोटा दिलात” म्हणत परत उभे राहायचे. मी भांडत नसे. मागच्या झाकणाचे स्क्रू काढायचे, आतले त्यांना दाखवायचे आणि विचारायचे, “पाइप घातला होता का?” बहुतेक वेळा माणूस खाली बघायचा.

तूही पाइप घातला होतास, हे तूच सांगितलेस, आणि तोही ३/८ इंची रॅचेटच्या दांड्यावर (हे माप त्याच्या चौकोनी टोकाचे), पुढच्या चाकामागच्या कंट्रोल आर्मच्या, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याच्या, गंजलेल्या बोल्टसाठी. तू इंजिनिअर आहेस, हिशेब तुला माझ्यापेक्षा चांगला येतो, तरी मांडते. पाव मीटरच्या दांड्यावर माणसाने चाळीस किलोचा जोर लावला तर बोल्टवर साधारण शंभर न्यूटन-मीटर इतका पीळ पडतो. त्याच दांड्यावर मीटरभर लांबीचा पाइप चढवला की चारशे होतात. चांगला ३/८ इंची रॅचेट मानकाप्रमाणे दोनशेच्या आसपास सोसेल इतकाच तपासलेला असतो. अर्धा इंचीसाठी आयएसओ ३३१५ या आंतरराष्ट्रीय मानकात ५१२ चा आकडा आहे. म्हणजे तुझ्या हातातले हत्यार खोटे नव्हते, तू त्याच्याकडून दुप्पट काम मागितलेस. दात एकदम तुटत नाही, आधी त्याची कड झिजते, मग भर जोरात तो एक दात सुटतो आणि पुढच्या दातावर आदळतो, आणि तेवढ्या क्षणात माणसाचा हात समोरच्या लोखंडावर गेलेला असतो.

त्या वेळी गाडी कशावर उभी होती, हे मी विचारले होते. तू विषय बदललास. असो, आज मी तो विषय काढणार नाही.

तुझ्या सहा चित्रांकडे येते. किमतीवरून काही ठरवू नकोस आणि दातांच्या आकड्यावर भाळू नकोस. ७२ दातांचा रॅचेट पाच अंशांत पुढचा दात पकडतो, ३६ दातांना दहा अंश लागतात आणि आपल्या दुकानात पूर्वी चालायचे त्या २४ दातांवाल्याला पंधरा. पाव मीटरच्या दांड्याचे टोक पाच अंशांत सव्वादोन सेंटिमीटर हलते, पंधरा अंशांत साडेसहा. इंजिनाच्या मागे, जिथे हात शिरायलाच जागा नसते, तिथे हा फरक फार मोठा आहे, म्हणून ३/८ मध्ये ७२ दातांचा घे. पण दात जास्त म्हणजे प्रत्येक दात बारीक, हेही त्यातच आले. दात अडवणारी जी खिटी असते, तिला पॉल म्हणतात. ती एका वेळी किती दातांत बसते यावर खरी ताकद ठरते. बारीक दातांचा रॅचेट सहा-सात दात एकदम धरत असेल तर तो जाड दातांच्या स्वस्त रॅचेटला सहज मागे टाकतो. उलट बारीक दातांत वाळू किंवा गंजाची पूड अडकली, की पॉल पूर्ण बसत नाही, आणि अर्धवट बसलेला पॉल हाच सर्वांत वाईट, कारण तो हलक्या हाताला अगदी ठीक वाटतो. तुमच्याकडे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. डेट्रॉइटच्या खालीच मिठाची खाण आहे, हे तूच पहिल्या वर्षी मला कौतुकाने सांगितले होतेस. तेव्हा मला त्या खाणीचे नवल वाटले होते, आता तुझ्या गाडीचा प्रत्येक बोल्ट तिनेच खाल्ला असेल असे वाटते. म्हणून डोके बंदिस्त, धूळ आत न जाणारे घ्यावेस, आणि पॉल, गिअर व स्प्रिंग यांचा दुरुस्ती-संच वेगळा मिळतो की नाही ते घेण्याआधी पाहावेस. ज्या रॅचेटचे पोट उघडता येते आणि ज्याचे आतले सामान विकत मिळते, तो टिकाऊ. आजन्म हमी चांगलीच. पण ती रॅचेटची असते, बोटांची नसते.

हे लागले असेल तर माफ कर. पुसत नाही, कारण खाडाखोड केलेले पत्र बाबांना आवडत नसे.

दुकानात जाऊन घेणार असशील तर हातात घेऊन असे बघ. चौकोनी टोक चिमटीत धरून दांडा उलट फिरव. तो अगदी हलका फिरला पाहिजे. जड फिरत असेल तर सैल झालेला नट पुढे येण्याऐवजी रॅचेटबरोबरच मागेपुढे हलत राहील आणि तू उगाच चिडशील. मग चौकोन आडवा हलवून बघ, डोक्यात खडखड वाटली तर खाली ठेव. दिशा बदलायची कळ तेलकट अंगठ्याने फिरली पाहिजे, पण हाताचा नुसता धक्का लागून फिरता कामा नये. क्रोम गुळगुळीत आहे का ते कडेला नख लावून पाहा, कारण सुटलेला क्रोमचा पापुद्रा काचेसारखा कापतो. सुमनमावशीच्या अंगठ्याला विचार. वाकणाऱ्या मानेचा रॅचेट तुला फार आवडलेला दिसतो, चौथे चित्र त्याचेच आहे. तो सोयीचा आहे, पण मानेचा सांधा हा आणखी एक हलणारा भाग असतो, आणि माझ्याकडे परत आलेल्यांत त्या सांध्याचे बरेच होते. तो दुसरा म्हणून घे, पहिला म्हणून नको. गोट्या, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर बसणारी सॉकेट, घेशील त्या सहा कोनांच्याच घे. बारा कोनांची गोटी गंजलेल्या बोल्टचे कोपरे सोलते, आणि डोके गोल झालेला बोल्ट काढायला कोणताही रॅचेट उपयोगी पडत नाही.

आणि मुख्य गोष्ट अशी की अडलेला बोल्ट सोडवणे हे रॅचेटचे कामच नाही. तो हलल्यावर भराभर काढण्यासाठी रॅचेट असतो. पहिला झटका अर्धा इंची, दोन फूट लांबीच्या ब्रेकर बारने द्यावा, ज्यात दात नाहीत, पॉल नाही, सहज मोडण्यासारखे काही नाही. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, सकाळी बोल्ट आधी किंचित आवळून मग सोडावा. हँडल नेहमी स्वतःकडे ओढावे. ढकलावेच लागले तर मूठ उघडी ठेवून तळहाताने ढकलावे, म्हणजे सटकले तरी बोटांची पेरे वाचतात. टॉर्क रेंच, म्हणजे मोजून जोर लावत बोल्ट आवळायचा पाना, बोल्ट काढायला कधीही वापरू नकोस. तुझ्या होंडाच्या इंजिनावरच्या क्रँक पुलीच्या बोल्टच्या वाटेला तर अजून मुळीच जाऊ नकोस, त्याने इथल्या भल्याभल्यांना रडवले आहे.

यात एक भाग मी गाळत होते, पण गाळून चालणार नाही. दोन फुटी बारला तू सगळ्या अंगाने लोंबकळतोस, तेव्हा जोर फक्त बोल्टवर जात नाही. तो गाडीवरही जातो, आणि गाडी नुसत्या जॅकवर असेल तर ती बाजूला सरकते. दुकानात परत येणाऱ्या हायड्रॉलिक जॅकची तक्रार एकच असायची, सील गेले आणि तेल गळले. सकाळी उचललेला ट्रॉलीचा कोपरा दुपारी बोटभर खाली आलेला असायचा आणि कुणाला आवाजही ऐकू यायचा नाही. म्हणून घोड्या, म्हणजे उचललेली गाडी टेकवायचे स्टँड. दोन घोड्या, सपाट काँक्रीटवर, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी, आणि खाली जाण्यापूर्वी गाडीला कमरेने एक चांगला धक्का. शक्यतो अडलेले बोल्ट चाके जमिनीवर असतानाच थोडे ढिले करून घ्यावेत. रात्री अकराला, एकट्याने, मोबाइलच्या उजेडात तर नकोच. तू तेव्हा एकटा होतास ना?

पुन्हा तेच झाले. मी ठरवले होते की या पत्रात फक्त रॅचेटविषयी लिहायचे.

तू सहा वर्षांचा असताना शाळेतून थेट दुकानात यायचास आणि मी तुला गप्प बसवण्यासाठी गोट्यांचा डबा उपडा करून द्यायचे. तू त्या मापाप्रमाणे लावायचास, आणि पुढे पुढे तर डोळे मिटून नुसत्या करंगळीने १२ आणि १३ मधला फरक सांगायचास. शिरोलीच्या काकांनी पैज लावली होती आणि हरले होते. १० ची लांब गोटी तू ओठांना लावून शिट्टीसारखी वाजवायचास, गिऱ्हाईक दचकायचे. आपल्या गाडीचे ब्रेक पॅड मुलाने घरी बदलले, हे मी उद्यमनगरात किती जणांना सांगितले असेल याची तुला कल्पना नाही. लेथवाल्यांना सांगितले, चहावाल्याला सांगितले, बँकेतल्या बाईंना ब्रेक पॅड म्हणजे काय हे समजावून मग सांगितले. तेव्हा गॅरेजमध्ये दे, चार पैसे जास्त गेले तरी चालतील, असे मी त्या रविवारी म्हणाले ते मनापासून नव्हते. किंवा अर्धे मनापासून होते.

बाबांच्या डाव्या हाताचे बोट लेथवर गेले, असे आम्ही तुला सांगितले होते. लेथवर गेले नव्हते. एवढेच लिहिते, बाकीचे तू इथे आलास की.

तर आता त्यांचा अर्धा इंची रॅचेट. परवा मी तो माळ्यावरच्या पेटीतून काढला. तो ३६ दातांचा आहे, डोके जाडजूड, दांड्यावरचे क्रोम बाबांच्या मुठीच्या जागी झिजून पिवळट झाले आहे. झाकण उघडले तर आतले ग्रीस मेणासारखे घट्ट झालेले होते आणि पॉल त्यात रुतून बसला होता. असाच तुझ्याकडे पाठवला असता तर तोही सटकला असता. म्हणून सांगते, रॅचेटच्या पोटात जाड ग्रीस कधी भरू नकोस, पातळ तेलाचे दोन-चार थेंब किंवा अगदी मऊ ग्रीसचा हलका हात पुरतो, तुमच्या थंडीत तर जाड ग्रीस दगडच होईल. मी सगळे भाग रॉकेलमध्ये भिजवले, जुन्या टूथब्रशने घासले, भिंगातून एकेक दात पाहिला. छत्तीसच्या छत्तीस दातांच्या कडा शाबूत आहेत. पॉलमागची स्प्रिंग उडून फ्रिजखाली गेली, ती झाडूने काढताना अर्धा तास गेला. जोडल्यावर उलटा फिरवून पाहिला, तर तोच जुना टक्-टक् आवाज आला, आणि मी थोडा वेळ नुसताच फिरवत बसले.

एवढी वर्षे तो टिकला, कारण बाबांनी त्यावर पाइप कधीही चढवला नाही आणि त्याने कधी हातोडीसारखे ठोकले नाही. अडलेल्या बोल्टसाठी त्यांचा बार वेगळा होता. तू नवा ३/८ इंची तुझ्या यादीतला दुसरा घे, तो बंदिस्त डोक्याचा आहे आणि त्याचा दुरुस्ती-संचही तिथेच मिळताना दिसतो. अर्धा इंची विकत घेऊ नकोस, तो सुमनमावशी जूनमध्ये येताना आणेल. विमानात हातसामानात हत्यार चालत नाही, त्यामुळे तिच्या मोठ्या बॅगेत जाईल, आणि वजन भरले म्हणून कांदा-लसूण चटणीचा एक पुडा कमी केला आहे, रागावू नकोस. वाचलेल्या पैशांत घोड्यांची जोडी येईल, हा हिशेब मी मुद्दाम केला आहे हे तुझ्या लक्षात आलेच असेल.

रॅचेट मिळाल्यावर त्याचा फोटो पाठवू नकोस, तो मला पाठ आहे. गाडीखाली घोड्या उभ्या केलेल्या दिसतील असा फोटो पाठव. हात कसा आहे ते कळव. बोटे पूर्ण मिटतात का, मूठ आवळल्यावर दुखते का, तेही लिही.

तुझी,
आई

ता. क. : ती १० ची लांब गोटी पेटीच्या तळाशी सापडली. रॅचेटबरोबर मोज्यात गुंडाळून ठेवली आहे. वाजवून पाहिली, अजून वाजते.