खटकेदार चाकू आणि कुर्त्याच्या खिशातलं रिव्हॉल्व्हर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'खटकेदार चाकूसह तरुणास अटक' ही बातमी इंदूरकरांना आता नवी राहिलेली नाही. पकडलेला प्रत्येक जण वार करायलाच निघालेला असतो असं नाही. स्वसंरक्षणाच्या नावाखाली ऑनलाइन मिळतो म्हणून मागवला आणि खिशात टाकला, असेही त्यात असतात. रोज जवळ बाळगायची वस्तू निवडताना ती दिसते कशी हे आधी पाहिलं जातं. कायदा आणि रोजचं काम मागाहून आठवतात. आमची तक्रार एवढीच आहे.

शस्त्र नियमांप्रमाणे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याला परवाना लागतो. घरकाम, शेती, उद्योगाची हत्यारं त्यातून वगळली आहेत. आपले लोक इथेच थांबतात आणि फसतात. मध्य प्रदेशात १९७४ ची अधिसूचना याहून कडक आहे. सार्वजनिक जागी ६ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं तिने मना केलं आहे, आणि स्प्रिंगने उघडणारा, म्हणजेच खटकेदार चाकू तर कोणत्याही मापाचा असला तरी मना आहे. म्हणजे दोन इंची बटनाचा चाकूसुद्धा गुन्हाच, शिक्षा किमान एक वर्ष. 'असिस्टेड ओपनिंग' चाकूला बटन नसतं, पण पातं थोडं सरकवलं की आतली स्प्रिंग ते पुढे फेकते. ठाण्यात हा फरक समजावत बसण्यापेक्षा तो न घेतलेलाच बरा.

मग घ्यावा कोणता? खोक्याची टेप, सुतळी, पेन्सिल, फार तर एखादी कैरी, या कामांना अडीच ते तीन इंचांचं पातं पुरतं. स्प्रिंगच्या दाबावर नुसतं टेकलेलं, बिनकुलपाचं पातं कापायला ठीक असतं. टोकाने भोक पाडायला गेलात तर ते बोटांवर मिटतं. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी पात्याच्या बुडाला अडते. घेताना पातं पूर्ण उघडा आणि उजेडात बघा. पट्टी बुडाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आलेली असावी. नुसती कडेला टेकली असेल तर जोर पडताच सुटेल, पार पलीकडे पोचली असेल तर कुलूप झिजलंय. पातं डावी-उजवीकडे डुलत असेल तर बिजागरीचा स्क्रू किंचित आवळून पाहा. तरीही डुललं तर दुकानदाराला परत करा.

पोलाद म्हणून हल्ली 'डी-२'चा बोलबाला आहे. धार टिकते, हे खरं. त्यात गंज रोखणारं क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असतं, पण त्यातलं बरंच कार्बाइडमध्ये (कार्बनशी जखडलेल्या कठीण कणांत) अडकून पडतं, म्हणून आषाढात घामेजल्या खिशात त्यावर डाग येतातच. आपल्या हवेला व्हिक्टोरिनॉक्ससारखं मऊसर स्टेनलेस बरं. धार लवकर जाते, पण घरी हजार ग्रिटच्या (बारीक दाण्याच्या) दगडावर, दर बाजूला वीसेक अंशांत धरलं तर दहा मिनिटांत परत येते. सायकलचं चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याला मात्र चाकू देऊ नका. कोरड्या चाकावर कड तापून निळी पडली की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं समजा; पुढे कितीही घासा, ती कड लगेच बोथट होते. बिजागरीत सुती धागे आणि खिशातला कचरा साठला की लॉक पुरता बसत नाही. कोमट साबणपाणी, जुना टूथब्रश, नीट कोरडं करणं आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, एवढं पुरे. खोबरेल नको, ते काही दिवसांनी चिकट होतं.

आता परवान्याचं हत्यार. कानपूरचं .३२ 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर साधारण अर्धा किलोचं. हलकं म्हणून लोक खूश होतात, पण जितकं हलकं तितका झटका जास्त आणि नेम अवघड. काडतुसं मागताना नुसतं 'बत्तीस बोअर' म्हणू नका. .३२ रिव्हॉल्व्हरचं आणि .३२ पिस्तुलाचं (७.६५ मि.मी.) काडतूस वेगळं आहे, ते एकमेकांत चालत नाही. हॅमर (घोडा) अडवणारी अटक नसलेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये हॅमरखालचं काडतुसाचं घर रिकामं ठेवावं, कारण रिव्हॉल्व्हर पडून हॅमरवर आपटलं तर गोळी सुटू शकते. सैल कुर्त्याच्या खिशात किल्ल्या, पेन आणि रिव्हॉल्व्हर एकत्र ठेवणं हा तर उघड वेडेपणा! ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर हवंच. चामडं ओल धरतं, म्हणून रात्री हत्यार त्यातून काढून, पुसून, हलका तेलाचा हात फिरवून कुलपात ठेवावं. तेल काडतुसाला लागू देऊ नये; ते प्रायमरमध्ये (काडतुसाच्या बुडाच्या ठिणगी देणाऱ्या टोपीत) झिरपलं की ऐन वेळी नुसती 'टक्' ऐकू येते.

खरगोन-बडवानीकडून येणाऱ्या देशी पिस्तुलाबद्दल काय लिहायचं? चेंबरचं (काडतूस बसतं त्या घराचं) माप प्रत्येकाचं निराळं, नळीचं पोलाद कसलं ते बनवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. धोका समोरच्याइतकाच चालवणाऱ्या हाताला.

परवाना खिशात असला म्हणजे कुठेही जाता येतं, हाही समज खोटा. खास परवानगीशिवाय जत्रा, धार्मिक मिरवणूक, जाहीर जमाव आणि शाळा-कॉलेजच्या आवारात हत्यार नेऊ नये, अशी अट परवान्यातच असते. म्हणजे रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) असो की अनंत चतुर्दशीच्या झांक्या (देखाव्यांची मिरवणूक), रिव्हॉल्व्हर घरीच. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आपल्या पत्राने १९७४ च्या त्या अधिसूचनेचा मजकूर मराठीत एकदा चौकटीत छापावा, ही विनंती. शहरातल्या भांडी-चाकूच्या दुकानदारांनी तो कापून काउंटरवर चिकटवावा.

आपले,
दोन वाचक, रामबाग, इंदूर