दादा, त्या सीडीबद्दल

दादा,

समोर बोलायला गेलो की तुम्ही "अरे सोड रे" म्हणून विषय बदलता, म्हणून लिहितोय, आणि सगळ्यांना दिसेल असंच लिहितोय.

गणपतीच्या आधी माझा उजवा हात सुन्न पडायला लागला, रात्री मुंग्या येऊन जाग यायची, आणि एक दिवस रिहर्सलला पिक, म्हणजे तारा छेडायची पट्टी, बोटांतून सुटून खाली पडली ती परत धरताच येईना. मनगटात नस दबलीय म्हणाले डॉक्टर, कार्पल टनेल. सीझनच्या सगळ्या सुपाऱ्या सोडल्या. बावीस वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवल्यावर घरी बसून दुसऱ्या कुणीतरी वाजवलेली आपली गाणी ऐकायची, ते दिवस मला अजून आठवायला नको वाटतात. भेटायला बरेच जण आले, "होईल बरं" म्हणून गेले. तुम्ही चहा घेतलात आणि इंग्रज गिटारवादक डेरेक बेलीची 'कार्पल टनेल' नावाची सीडी ठेवून गेलात.

पहिल्यांदा ऐकली तेव्हा काही कळलं नाही, खरं सांगतो. सूर नाही, ठेका नाही, तारांचे नुसते तुटक आवाज. पण पहिल्याच ट्रॅकमध्ये तो स्वतः बोलतो, हाताचं काय झालंय ते सांगतो, पिक धरता येत नाही म्हणतो, आणि पुढच्या ट्रॅकना नावं काय तर तीन आठवड्यांनंतर, पाच, सात, नऊ, बारा आठवड्यांनंतर! ऑपरेशन नको म्हणाला, आहे त्या हातानं कसं वाजवता येईल ते शोधत बसला, अंगठ्यानं. सत्तरी उलटल्यावर हे! तिसऱ्या-चौथ्यांदा ऐकताना मी रडलो. सीडी २००५ ची आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला तो गेला. दुखणं मुळात मोटर न्यूरॉनचं, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या नसांचं होतं, ते नंतर कळलं.

मग तुम्ही फोनवर त्याची सगळी कहाणी सांगितलीत. शेफिल्डचा, १९३० चा जन्म, आणि कितीतरी वर्षं डान्स बँड, क्लब, रेडिओ, टीव्हीवरचे विनोदी शो, पडेल ते काम करून पोट भरणारा गिटारवाला. म्हणजे आपल्यातलाच की हो! मला वाटायचं असलं प्रयोगबियोग करणारे लोक वेगळ्याच जगातून येतात. हा १९६३ ते ६६ ड्रमर टोनी ऑक्सली आणि बास वाजवणाऱ्या गॅव्हिन ब्रायर्सबरोबर शेफिल्डमधेच जॅझ वाजवत वाजवत हळूहळू ताल सोडत गेला, कॉर्ड सोडत गेला, आणि १९७० मध्ये सॅक्सोफोनवाला इव्हान पार्कर, ऑक्सली वगैरेंबरोबर इन्कस नावाचं स्वतःचं लेबलच, म्हणजे रेकॉर्ड कंपनीच काढली. १९७७ पासून 'कंपनी' म्हणून दरवर्षी कधी एकत्र न वाजवलेल्या लोकांना एका स्टेजवर आणायचा, ते १९९४ पर्यंत. आणि २००२ मध्ये तोच माणूस 'बॅलड्स' या सीडीवर जुनी गाणी वाजवतो, म्हणजे डान्स बँडचा काळ हातात तसाच होता. मला तीच सगळ्यात आवडते.

त्याच्या इम्प्रोव्हायझेशनवरच्या, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसं वाजवण्यावरच्या, पुस्तकात सुरुवातीलाच आपलं भारतीय संगीत आहे हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मात्र बाबांची आठवण आली, ते म्हणायचे बंदिश पाठ होते रे, बढत, म्हणजे राग आपल्या मनानं फुलवत नेणं, कुणी शिकवत नाही.

त्यानं ऑपरेशन नाकारलं तसं मीही नाकारणार होतो. तुम्ही रागावलात, त्याचं वेगळं तुझं वेगळं म्हणालात, स्वतः बरोबर आलात, म्हणून झालं. त्याबद्दल वेगळे आभार. नंतर मी त्याच्यासारखंच मोबाईलवर रेकॉर्ड करत गेलो, तीन आठवडे, पाच, सात, आणि प्रत्येक क्लिप ऐकून तुम्ही फक्त "पुढची पाठव" लिहीत राहिलात. त्या दोन शब्दांवर मी उठायचो दादा.

बारा आठवड्यांची आत्ताच पाठवलीय. त्यात पिक नाहीये, आता धरता येते तरी. सीडी घेऊन रविवारी येतो, वहिनींना सांगून ठेवा, आणि गिटारही आणतोय.