गव्हांकुराचा रस आणि ‘हिरवे रक्त’

महोदय,

आमच्या बागेच्या फाटकाशी रोज सकाळी गव्हांकुराचा रस विकला जातो; ट्रेमधली पाती कात्रीने कापून, यंत्रात पिळून औषधाच्या पेल्याएवढा रस हाती देतात आणि शेजारच्या फलकावर त्याला ‘हिरवे रक्त’ म्हटलेले असते. हरितद्रव्याची रचना रक्तातल्या हिमोग्लोबिनमधील हीम या लोहयुक्त घटकाशी मिळतीजुळती असली, तरी त्याच्या केंद्रस्थानी लोहाऐवजी मॅग्नेशियम असते, त्यामुळे या साम्यावरून रक्तवाढीचा दावा करणे टिकत नाही. आवडीने कोणी पीत असेल (ती चव आवडणारे धन्य!) तर हरकत नाही, मात्र वॉरफरिन हे रक्ताच्या गुठळ्या रोखणारे औषध घेणाऱ्या हृदयरुग्णांनी आधी डॉक्टरांना विचारावे, कारण हिरव्या पात्यांतील के जीवनसत्त्व त्या औषधाचा परिणाम कमी करते. विक्रेत्यांनी निदान एवढी सूचना फलकावर लिहावी.

— एक वाचक, ठाणे